त्या स्क्रीनशॉटबद्दल: मंडळाच्या कमिटीला आणि शाळेच्या सगळ्या पालकांना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

मी इथे कॅलिफोर्नियात आपल्या रविवारच्या मराठी शाळेत दुसरीचा वर्ग घेते, आठ वर्षं झाली आता, तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या मुलांनी माझ्यासमोर बाराखडी गिरवलीय त्यामुळे मी कोण हे वेगळं सांगायला नको. हे ग्रुपवरच लिहिणार होते पण ग्रुपवर लिहिलेलं अर्ध्या तासात तालमीच्या वेळा आणि पॉटलकच्या याद्यांखाली जातं, आणि ही गोष्ट तशी खाली जाऊ नये असं मला मनापासून वाटतं म्हणून असं उघड लिहितेय.

काय झालं ते सगळ्यांना माहितीये, तरी सुरुवातीपासून सांगते, कारण गेल्या पाच आठवड्यांत त्याच्या तीन वेगवेगळ्या आवृत्त्या माझ्या कानावर आल्यात. बालनाट्याच्या तालमींसाठी कारपूल ठरत होतं. आपल्या काकांनी (नाव लिहीत नाही, त्यांचं नाव पुरेसं फिरलंय) सांगितलं की माझी सात सीटची गाडी आहे, मी रिटायर आहे, शुक्रवारी संध्याकाळी पाच मुलांना आणतो आणि सोडतो. त्याच रात्री अकराच्या सुमारास एका पालकाने आपल्या काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, कोर्टाच्या साइटवर काकांचं नाव टाकलं आणि आलेल्या रिझल्टचा स्क्रीनशॉट ग्रुपवर डकवला. नाव तेच, आडनाव तेच, खाली केस नंबर, आणि खाली दोन ओळी, दोन्हीकडे दारू पिऊन गाडी चालवल्याचं कलम. मग मेसेजेस. "बापरे." "दोन वेळा पकडलंय!" "अशा माणसाच्या गाडीत आपली मुलं?" मी मोजले, सकाळपर्यंत चौसष्ट मेसेज होते. सकाळी काकांनी एकच ओळ लिहिली, "तो मी नव्हे, मला असं काही कधी झालेलं नाही." त्यावर उत्तर काय आलं तर "काका पर्सनली घेऊ नका, मुलांच्या सेफ्टीचा प्रश्न आहे." संध्याकाळी काका ग्रुप सोडून गेले. तेव्हापासून ते शाळेत आले नाहीत, गणपतीच्या आरतीलाही आले नाहीत, आणि आरतीला ढोलकी तेच वाजवायचे.

आधी एक स्पष्ट करते, म्हणजे कुणी मला "तुला काय कळणार" म्हणायला नको. माझा मामेभाऊ मिरज-सांगली रोडवर गेला. टेंपोवाला प्यायलेला होता, भर दुपारी. मामी अकरा वर्षं कोर्टाच्या तारखा करत होती आणि शेवटची दोन वर्षं मी इथून रात्री जागून भारतातल्या कोर्टांच्या ई-कोर्ट्स साइटवर केसचा तो सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर टाकून पुढची तारीख बघायचे आणि तिला फोन करून सांगायचे. त्यामुळे दारू पिऊन गाडी चालवणं ही माझ्यासाठी चहाच्या गप्पांतली गोष्ट नाही, आणि कोर्टाचं रेकॉर्ड लोकांना बघता आलं पाहिजे हे मला कुणी शिकवायची गरज नाही. ज्या पालकाने नाव सर्च केलं त्याने सर्च केलं म्हणून माझी काहीच तक्रार नाही, उलट मुलं कुणाच्या गाडीत बसतात हे विचारणं बरोबरच आहे. तक्रार त्याच्या पुढच्या पाच मिनिटांबद्दल आहे.

तर मी काय केलं, एका बुधवारी अर्धा दिवस सुट्टी घेतली आणि तो केस नंबर कागदावर लिहून कोर्टात गेले. बॅग स्कॅन केली, दुसऱ्या मजल्यावर क्रिमिनल क्लर्कचं ऑफिस, नंबरचं टोकन घ्यायचं आणि बसायचं. बाजूला लोकांसाठी कॉम्प्युटर ठेवलेले असतात, कुणीही जाऊन बसू शकतं, आयडीसुद्धा मागितला नाही मला. हे कितीजणांना माहितीये मला माहीत नाही पण कॅलिफोर्नियात क्रिमिनल केसचे कागद घरबसल्या दिसत नाहीत, हा राज्याच्या कोर्टांचा नियमच आहे. घरून फक्त यादी दिसते, म्हणजे नाव, केस नंबर, कलमं, तारखा, कुठल्या दिवशी काय झालं त्याच्या त्रोटक नोंदी. खरे कागद, म्हणजे डीएने, म्हणजे सरकारी वकिलाने, काय आरोप ठेवला, माणसाने काय कबूल केलं, जजने काय ठरवलं, हे बघायला कोर्टाच्या इमारतीत जावं लागतं. आपल्या ग्रुपवर जे फिरलं ती यादी होती. कागद कुणीच बघितले नव्हते.

काउंटरवरच्या बाईंना केस नंबर दिला. त्यांनी फाईल स्क्रीनवर उघडून दिली. पहिल्याच पानावर आरोपीचं जन्मवर्ष होतं.

आपले काका एकाहत्तर वर्षांचे आहेत. फाईलमधला माणूस त्यांच्यापेक्षा सव्वीस वर्षांनी लहान आहे. मधलं नाव वेगळं. झालं, एवढंच, मला ते कळायला पार्किंग धरून पन्नास मिनिटं लागली.

त्या दुसऱ्या माणसाबद्दल मी इथे एक अक्षर लिहिणार नाही, त्याचा आपल्याशी काही संबंध नाही. पण मी बाईंना विचारलं की बाई हे जन्मवर्ष यादीतच का देत नाही तुम्ही, म्हणजे हा घोळ झालाच नसता. त्या म्हणाल्या, आम्हाला द्यायला परवानगी नाही. घरी येऊन मी वाचलं तर खरंच तसं आहे, आणि हे सगळ्यांनी समजून घ्यावं असं मला वाटतं कारण सगळी मेख इथे आहे. कॅलिफोर्नियाच्या कोर्टांच्या नियमांत एक २.५०७ नंबरचा नियम आहे, त्यात लिहिलंय की लोकांना दिसणाऱ्या यादीत जन्मतारीख, वय, ड्रायव्हर्स लायसन्स नंबर, वंश, स्त्री की पुरुष, ह्यातलं काही द्यायचं नाही. तरी काही काउंट्यांमध्ये जन्मतारीख टाकून सर्च करता यायचं. रिव्हरसाइड काउंटीत ह्याविरुद्ध केस झाली, शिक्षा भोगून बाहेर आलेल्या लोकांच्या "ऑल ऑफ अस ऑर नन" ह्या संघटनेने केली होती, आणि २०२१ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की जन्मतारखेने सर्च करू देणंसुद्धा नियमाच्या विरुद्ध आहे. मग बॅकग्राउंड चेकवाल्यांची, म्हणजे पैसे घेऊन माणसाची मागची माहिती तपासणाऱ्यांची, पंचाईत झाली, २०२२ मध्ये विधिमंडळाने सर्च परत चालू करायचं बिल पास केलं, तर गव्हर्नर न्यूसम यांनी त्यावर व्हेटो केला. हेतू चांगला आहे, एकदा चुकलेल्या माणसाला जन्मभर नोकरी आणि घर मिळू नये असं होऊ नये म्हणून. पण परिणाम असा झालाय की यादीत माणूस ओळखायला आता फक्त नाव उरलंय. आणि नुसत्या नावावरून माणूस ओळखायला गेलं की आपल्यासारख्यांची वाट लागते.

कारण आपली नावं बघा ना. काकांचं आडनाव असं आहे की खानदेशापासून बेळगावपर्यंत कुठल्याही गावात जा, त्या आडनावाची दहा घरं सापडतील, आणि पहिलं नाव असं की त्यांच्या पिढीत आणि नंतरच्या पिढीतही प्रत्येक वर्गात दोघंतिघं असायचे. एका मराठी माणसाला दुसऱ्यापासून वेगळं करतं ते मधलं नाव, वडिलांचं नाव. शाळेच्या पटावर, सातबाऱ्यावर, मतदार यादीत, सगळीकडे आपण तिन्ही नावं लिहितो ते उगाच नाही. आणि अमेरिकेत नेमकं तेच गळतं! इथे मधलं नाव म्हणजे एक अक्षर, कधी तेही नाही. पोलिसाने लायसन्सवरून जे टाईप केलं ते केसमध्ये जातं. उलटंही होतं, एकाच माणसाची दोन माणसं होतात, कारण स्पेलिंग. एकाच्या आडनावात एक ई, भावाच्या आडनावात दोन ई, कुणाच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा. बायकांचं तर विचारूच नका, लग्नानंतर मधलं आणि शेवटचं दोन्ही बदलतं, माहेरच्या नावाने काही असेल तर सासरच्या नावाने सात जन्मात सापडणार नाही. नाव टाकून सर्च केल्यावर जे येतं आणि जे येत नाही, दोन्हीवर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही.

आता त्या "दोन वेळा पकडलंय" बद्दल. हे मला सगळ्यात जास्त लागलं होतं कारण त्या एका मेसेजने सगळ्यांचा सूर बदलला. कॅलिफोर्नियात दारूच्या केसमध्ये जवळजवळ नेहमीच एका रात्रीची दोन कलमं लागतात. व्हेइकल कोड २३१५२, त्यातलं ए म्हणजे दारूच्या अंमलाखाली गाडी चालवली, आणि बी म्हणजे रक्तात अल्कोहोल ०.०८ टक्के किंवा जास्त होतं. एकच माणूस, एकच गाडी, एकच रात्र, पण ओळी दोन. माणसाने एक कबूल केलं की बहुतेक वेळा डीए दुसरं मागे घेतो, मग यादीत एका ओळीपुढे डिस्मिस्ड, म्हणजे आरोप रद्द, असं दिसतं आणि बघणाऱ्याला वाटतं सुटला की काय. कधी दोन्ही जाऊन तिसरंच कलम येतं, २३१०३, बेफिकीर गाडी चालवणं, दारूची नोंद असलेलं, वकील लोक त्याला "वेट रेकलेस" म्हणतात, आणि पुढच्या दहा वर्षांत परत पकडलं तर ते आधीचा डीयूआय, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा, म्हणूनच धरलं जातं. "नो कॉन्टेस्ट", म्हणजे आरोपाला विरोध करत नाही, असं लिहिलेलं असतं, ते वाचून वाटतं ह्याने काही कबूल केलंच नाही, तर क्रिमिनल कोर्टात त्याचा परिणाम गुन्हा कबूल केल्यासारखाच होतो. आणि नुसतं केस फाइल झालेलं दिसत असेल तर त्याचा अर्थ एवढाच की डीएने आरोप ठेवलाय, बस. हे सगळं एका स्क्रीनशॉटमध्ये कळत नाही. मी इथे वीस वर्षं राहतेय, इंजिनियर आहे, इंग्रजी चांगलं आहे, तरी मला काउंटरवरच्या बाईंना तीन वेळा विचारावं लागलं की ह्या ओळीचा अर्थ काय.

बरं, उलट बाजू पण बघा, कारण ग्रुपवर नंतर कुणीतरी प्रस्ताव मांडला की आता सगळ्याच व्हॉलंटियर्सची नावं आपल्या काउंटीत सर्च करू आणि क्लीन असेल त्यालाच गाडी चालवू देऊ. अहो, केस माणूस राहतो त्या काउंटीत होत नाही, जिथे पकडला त्या काउंटीत होते. कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या आहेत, प्रत्येकीचं सुपिरियर कोर्ट वेगळं, यादी वेगळी, आणि सगळ्या काउंट्यांचं मिळून एक सर्च साध्या माणसाला उपलब्ध नाही. आपल्याकडचे लोक वाइन टेस्टिंगला नापाला जातात, ती नापा काउंटी. बर्फात खेळायला साउथ लेक टाहोला जातात, ती एल डोराडो काउंटी. टाहो सिटीकडे गेलात तर प्लेसर काउंटी. तिथे पकडलेला माणूस आपल्या काउंटीच्या यादीत स्वच्छ दिसणार. शिवाय पकडल्यापासून केस फाइल व्हायला वेळ लागतो, साध्या डीयूआयला डीएच्या हातात एक वर्ष असतं, तोपर्यंत यादीत नाव नाही. आणि साध्या डीयूआयची फाईल दहा वर्षांनी कोर्टाला नष्ट करता येते. म्हणजे आपल्या यादीत ज्याचं नाव आलं तो निर्दोष निघाला, आणि ज्याचं आलं नाही त्याच्याबद्दल आपल्याला काहीच कळलेलं नाही. अशा चाळणीतून मुलांची सेफ्टी चाळणार का आपण?

हे फक्त कॅलिफोर्नियाचं झालं. न्यू जर्सीत माझी चुलत बहीण असते, तिथे दारू पिऊन गाडी चालवणं क्रिमिनल गुन्ह्यात धरतच नाहीत, ट्रॅफिकच्या कलमात धरतात आणि केस गावाच्या म्युनिसिपल कोर्टात चालते, काउंटीच्या कोर्टात शोधायला जाल तर सापडायचीच नाही. विस्कॉन्सिनमध्ये सगळ्या राज्याचं एकच सर्च आहे, घरबसल्या केसच्या नोंदी दिसतात, आणि तिथे पहिल्या वेळेला तर तो गुन्हा नसून दंडाची केस असते. तेव्हा "माझ्या मित्राने टेक्ससमध्ये असं बघितलं" हे इथे चालत नाही, प्रत्येक राज्याचं तंत्र वेगळं.

मग ती एकोणतीस डॉलरची गोष्ट. स्क्रीनशॉटनंतर दोन दिवसांनी दुसऱ्या एका पालकाने लिहिलं की मी पैसे भरून रिपोर्ट काढला, त्यातही काकांच्या नावापुढे डीयूआय आहे, म्हणजे कन्फर्म. तो रिपोर्ट मी मागून घेतला. त्यात पत्ता काकांचा, मुलाचं नाव काकांच्या मुलाचं, आणि केस त्या दुसऱ्या माणसाची. एकत्र शिवून टाकलंय सगळं! काउंटीचं नाव आणि डीयूआय रेकॉर्ड असं गुगल केलं की वर ज्या साइट येतात त्यातल्या कित्येक अशा असतात, दिसायला सरकारी, झेंडा वगैरे, दहा मिनिटं गोल गोल फिरवतात "रेकॉर्ड सापडलं आहे" म्हणत आणि मग क्रेडिट कार्ड मागतात. त्या कोर्टाच्या नाहीत. कोर्टाच्या साइटचा पत्ता बहुतेक ठिकाणी सीए डॉट गव्हने संपतो, आणि कोर्टात काय पैसे लागतात ते कायद्यात लिहिलेलं आहे, कॉपीला पानामागे ५० सेंट, शिक्का मारलेली सर्टिफाइड कॉपी हवी असेल तर ४० डॉलर वर, आणि क्लर्कला शोधायला दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर १५ डॉलर. मी बघून आले त्याला शून्य लागले, नुसतं बघायला पैसे नाहीत. आणि नुसतं नाव जुळलं म्हणून रिपोर्टमध्ये केस चिकटवणं कायद्याला धरून नाही, हे २०२१ मध्ये ग्राहक संरक्षणाच्या केंद्रीय संस्थेने, सीएफपीबीने, बॅकग्राउंड चेक कंपन्यांना लेखी बजावलं होतं (ते पत्रक २०२५ मध्ये मागे घेतलं गेलं). त्यात त्यांनी हेही म्हटलं होतं की हिस्पॅनिक, काळ्या आणि आशियाई लोकांमध्ये आडनावांची विविधता कमी त्यामुळे चुकीच्या माणसावर ठपका यायचा धोका त्यांना जास्त. आपल्या आडनावांबद्दल मी वर जे रडगाणं गायलं ते सरकारी कागदावर आधीच आलेलं आहे म्हणायचं.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही, नाहीतर कुणाला वाटेल मी रेकॉर्ड बंद करा म्हणतेय. अजिबात नाही. ३ मे १९८० ला सॅक्रामेंटोजवळ फेअर ओक्स म्हणून गाव आहे तिथे कॅरी लाइटनर ही तेरा वर्षांची मुलगी रस्त्याच्या कडेने चालत चालली होती, मागून आलेल्या गाडीने तिला उडवलं. गाडीवाला प्यायलेला, आधी ह्याच गुन्ह्यात शिक्षा झालेला, आणि दोनच दिवस आधी दुसऱ्या एका हिट अँड रनमध्ये पकडून जामिनावर सुटलेला. त्या मुलीची आई, कँडेस लाइटनर, तिने त्याच वर्षी मॅड ही संघटना काढली, दारुड्या ड्रायव्हर्सविरुद्ध आयांची संघटना, आणि त्यांचे व्हॉलंटियर्स अजूनही कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसतात, डीए काय मागतो, जज काय देतो, केस कशी मिटते हे वहीत लिहून घेतात. कोर्ट उघडं आहे म्हणून हे करता येतं. २०२३ मध्ये अमेरिकेत दारू प्यालेल्या ड्रायव्हरमुळे झालेल्या अपघातांत १२,४२९ माणसं मेली, म्हणजे दर बेचाळीस मिनिटांना एक, तेव्हा हे उघडं राहायलाच हवं. पण त्या आया बाकावर जाऊन बसतात हो, तारीख, केस नंबर, जजचा निकाल असं लिहितात. आपण गादीवर पडून अंगठ्याने फॉरवर्ड केलं.

आणि ह्या ग्रुपमध्ये दोनशे दहा लोक आहेत त्यात एकालाही कधी असं काही झालं नसेल असं मला वाटत नाही. कदाचित आत्ता कुणी हे वाचत असेल पोटात गोळा घेऊन. एच-वन-बी ह्या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांसाठी तर हे भयंकर असतं, गुन्हा सिद्ध व्हायच्या आधी, नुसत्या अटकेवर, परराष्ट्र खातं पासपोर्टवरचा व्हिसा रद्द करू शकतं आणि करतं, मग आई आजारी पडली तरी भारतात जाताना दहा वेळा विचार करावा लागतो. ग्रीन कार्डला, सिटिझनशिपला केसचा निकाल दाखवणारा सर्टिफाइड कागद मागतात, तो केस झाली त्या कोर्टाच्या काउंटरवर ४० डॉलर आणि कॉपीच्या पैशांत मिळतो, वकिलाला त्यासाठी पाचशे द्यायची गरज नाही, स्वतः जा. चूक केली असेल तर ती कोर्टात निस्तरायची असते आणि परत स्टीअरिंगला हात लावायचा नसतो पिऊन. पण ज्या ग्रुपमध्ये चौसष्ट मेसेज पडतात तिथे असा माणूस मदत मागायला येईल का, "आज मी घेतलीये, मला कुणी घरी सोडा" असं दिवाळी पार्टीत तोंड उघडून म्हणेल का? तो गुपचूप किल्ली फिरवेल आणि निघेल. मला त्याची जास्त भीती वाटते.

आता कमिटीकडे माझं मागणं. काकांची माफी मागा, लेखी, आणि त्याच ग्रुपवर, जिथे बदनामी झाली तिथेच. मी अध्यक्षांना दोनदा फोन केला, दोन्ही वेळा "थोडं थंड होऊ दे" असं उत्तर आलं. पाच आठवडे झाले. काका एकटे राहतात, काकू जाऊन दोन वर्षं होतील, शाळा आणि तालमी हाच त्यांचा आठवडा होता. मी त्यांच्याकडे जाऊन फाईलबद्दल सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मला माहीतच होतं ना मी तो नाही, तू कशाला सुट्टी घातलीस." मग चहा ठेवला. मला तो चहा गिळवत नव्हता.

आणि कारपूलचं म्हणाल तर त्याला सरळ मार्ग आहे. दुसऱ्याचं डीएमव्हीचं, म्हणजे इथल्या आरटीओचं, रेकॉर्ड आपल्याला सहज काढता येत नाही, १९८९ मध्ये रिबेका शेफर ह्या अभिनेत्रीचा पत्ता एका माथेफिरूने डिटेक्टिव्ह लावून डीएमव्हीतून काढला आणि तिच्या दारात तिला गोळी घातली, त्यानंतर इथे आणि १९९४ मध्ये देशभर कायदे झाले. पण स्वतःचं रेकॉर्ड प्रत्येकाला डीएमव्हीच्या साइटवरून २ डॉलरला निघतं, पाच मिनिटांत, प्रिंट करता येतं. नाव सारखं असलेल्या दुसऱ्या कुणाचं त्यात येत नाही कारण ते लायसन्स नंबरवर असतं, आणि कॅलिफोर्नियात कुठल्याही काउंटीत डीयूआयची शिक्षा झालेली असो, ती तिथे दहा वर्षं राहते. जो मुलांना गाडीतून नेणार त्याने आपला कागद आणायचा, दोघा पालकांनी बघायचा आणि परत द्यायचा, फोटो काढायचा नाही. शाळेत नेमाने शिकवणाऱ्यांसाठी तर राज्याचा कायदाच आहे, एबी ५०६, २०२२ पासून लागू, मुलांबरोबर काम करणाऱ्या संस्थांमधले नेहमीचे व्हॉलंटियर्स, म्हणजे महिन्याला १६ तासांपेक्षा किंवा वर्षाला ३२ तासांपेक्षा जास्त मुलांसोबत असणारे, त्यांची बोटांच्या ठशांची लाइव्ह स्कॅन तपासणी झालीच पाहिजे. आपल्यापैकी कितीजणांची झालीय? माझी गेल्या महिन्यात मी स्वतः करून घेतली, तोपर्यंत मला कुणी विचारलंही नव्हतं. ठशांना आडनाव नसतं, तिथे काकांचा आणि त्या माणसाचा घोळ झालाच नसता.

ज्या पालकाने स्क्रीनशॉट टाकला त्याचं नाव मी घेत नाही आणि कुणी घेऊ नये. त्याने मला नंतर मेसेज केला की मला खूप वाईट वाटतंय पण आता ग्रुपवर काय लिहू कळत नाही. दादा, काकांच्या घरी जा. फोन नको, जा.

येत्या रविवारी दहा वाजता मी शाळेच्या दारात उभी असेन, माझं डीएमव्हीचं प्रिंटआउट घेऊन. त्यावर एक स्पीडिंगचं तिकीट आहे, गेल्या वर्षीचं, तेही बघा. शुक्रवारच्या तालमीला मुलांसाठी दोन गाड्या लागतात, एक माझी असेल. दुसरीसाठी काकांना विचारायला कमिटीतून माझ्याबरोबर कोण येणार ते शनिवारपर्यंत कळवा.

तुमची,
दुसरीच्या वर्गाची बाई